एका नावाला बंद झालेले दार

मित्रांनो, मी एक जुना ई-मेल पत्ता आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, रूप नाही. तुम्ही मला चित्रकलेच्या वहीत काढायला बसलात तर पान कोरेच राहील. तरी मला घर आहे. चेन्नईच्या पश्चिमेला आवडी नावाचे उपनगर आहे. तिथे रुळांपासून थोड्या अंतरावर एक लहानसे बैठे घर आहे, घरात हॉल आहे, हॉलच्या खिडकीशी एक संगणक आहे. त्या संगणकात माझा मुक्काम असतो. तुमच्या पिढीला ई-मेल म्हणजे शाळेच्या सूचना आणि दुकानांच्या जाहिराती टाकण्याची जागा वाटते, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला राग येत नाही. खरे सांगायचे तर थोडा येतो.

माझा जन्म टी. नगरातल्या एका ब्राउझिंग सेंटरमध्ये झाला. खाली साड्यांचे दुकान, वर जिना चढून गेले की दाटीवाटीने मांडलेले संगणक, आणि रस्त्यावरच्या बसचा भोंगा थेट आत. जयंतीबाई त्या आठवड्यात आवडीच्या सरकारी कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. सारा जन्म त्यांनी तिथे टंकलेखन केले. निवृत्तीची साडी घ्यायला म्हणून त्यांचे यजमान व्यंकोजी राव त्यांना टी. नगरला घेऊन आले आणि साडी झाल्यावर म्हणाले, “चल, तुज अजून एक वस्तू घेऊन देतो. तिला पैसे पडत नाहींत.”

ती वस्तू म्हणजे मी. जयंतीबाईंनी दहाही बोटे कीबोर्डवर ठेवली आणि माझे नाव एका दमात, खाली न बघता टाइप केले. सेंटरचा मालक बघतच राहिला. जन्मतःच असे सफाईदार बोटांचे सुख लाभलेले माझ्यासारखे पत्ते थोडेच असतील.

आता या घराची थोडी ओळख करून देतो, कारण पुढे घडले ते याच घरात घडू शकत होते. ही मंडळी मूळची तंजावरची. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठी बोलतात. ती मराठी ऐकून पुण्याचा पाहुणा आधी हसतो आणि मग कान देऊन ऐकत बसतो. लिहायची वेळ आली की मात्र देवनागरी कोणाला फारशी जमत नाही, म्हणून मराठी वाक्ये इंग्रजी अक्षरांत लिहितात. या घरात दोन रीती फार जुन्या आहेत. एक अशी की थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे. दुसरी अशी की बायकोने नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. या दोन रीती एका छपराखाली नांदू लागल्या की आजीची पंचाईत होते. तिने नातवाला हाक मारायची तरी कशी?

यावर तोडगाही जुनाच आहे. जयंतीबाईंच्या मुलाला, नवीनला, मुलगा झाला तेव्हा पाळण्यात त्याचे नाव व्यंकोजी ठेवले आणि पाळण्याबाहेर काढल्याबरोबर तो कुट्टी झाला. कुट्टी म्हणजे छोटू. तो मोठा झाला, मिशा फुटल्या, कारखान्यात नोकरीला लागला, तरी कुट्टीच राहिला. शाळेची हजेरी आणि सरकारी कागद सोडले तर त्याचे खरे नाव कोणी घेतलेच नाही. वापर नसलेली वस्तू घरात कुठे ठेवली ते माणूस विसरतो. तसे या घराने ते नाव विसरून टाकले होते.

कुट्टी लहान असतानाच त्याची आई वारली. त्याला वाढवले आजीने. संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून तंजावरच्या बहिणीला, सकवारबाईंना, पत्र लिहायची आणि कुट्टी तिच्या मांडीवर बसून कुठलीतरी एक कळ दाबायचा. त्यामुळे सकवारबाईंना कित्येक पत्रांत मध्येच ‘क्क्क्क्क’ वाचावे लागे. त्या कधी रागावल्या नाहीत. उलट विचारायच्या, या खेपेला कुट्टीने काही लिहिले नाही, बरा आहे ना?

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. पुढे जयंतीबाईंचे कान हळूहळू गेले. त्या दोष टाइपरायटरच्या खडखडाटाला देत. कानातले यंत्र आणले, पण ते शिट्ट्या मारू लागले म्हणून कपाटात गेले. फोनवर त्यांना काही ऐकू येईना. मोबाइलच्या इवल्या अक्षरांवर एका बोटाने टिचक्या मारणे हा तर त्यांना टंकलेखनाचा अपमान वाटे. मग जगाशी बोलण्याचे त्यांचे एकच साधन उरले, आणि ते मी होतो. एकदा त्यांनी पदराने संगणकाची काच पुसता पुसता मला म्हटले, “तूंच माझा कान आता.” इतके मोठे प्रशस्तिपत्र मला पुन्हा मिळाले नाही.

मग घरात ‘सोबती’ आला. हे एका समाजमाध्यमाचे नाव. व्यंकोजी राव बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना त्याचे वेड लागले. त्यांनी स्वतःचे खाते उघडले आणि हौसेने बायकोचेही उघडून दिले. पत्ता अर्थात माझाच दिला. तेव्हापासून माझ्या दारात आगंतुकांची रीघ लागली. ‘व्यंकोजी राव यांनी नवा फोटो टाकला आहे.’ ‘व्यंकोजी राव यांना अमक्याचा फोटो आवडला आहे.’ ‘व्यंकोजी राव यांनी तुमचा उल्लेख केला आहे.’ फोटो कशाचा, तर समोरच्या कॉफीच्या पेल्याचा. आणि हे सारे करणारे व्यंकोजी राव बसलेले कुठे, तर जयंतीबाईंच्या शेजारच्या खुर्चीत!

“हे बघ,” जयंतीबाई कुट्टीला म्हणायच्या, “कॉफी मी केली, पेला मी दिला. चांगली झाली म्हणून मज सांगायचं सोडून हे जगाला सांगतात.”

कुट्टी हसायचा. व्यंकोजी रावही हसायचे, आणि त्या हसण्याचाही फोटो काढायचे. सकवारबाईंचे पत्र या गर्दीत खाली खाली ढकलले जाई. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मला या सूचनांबद्दल वाटे. पण घर हसते होते, म्हणून मीही चालवून घेतले.

एका पहाटे व्यंकोजी राव झोपेतच गेले.

माणूस गेला, पण ‘सोबती’वरचे त्यांचे खाते कोणी बंद केले नाही. तेव्हा कोणाला ते सुचण्यासारखे नव्हते. ते खाते चालवणाऱ्या यंत्राला मरण कळत नाही. त्याला एवढेच कळते की एक माणूस बरेच दिवस आलेला नाही. मग त्याने माझ्याकडे मेलांचा सपाटा लावला. ‘व्यंकोजी राव बरेच दिवस शांत आहेत. त्यांना हाक मारा.’ ‘व्यंकोजी राव यांच्यासोबतची तुमची एक आठवण.’ ‘आज व्यंकोजी राव यांचा वाढदिवस. शुभेच्छा द्यायला विसरू नका.’ जयंतीबाई सकाळी आंघोळ करून, कुंकवाविना कपाळाने माझ्यासमोर बसायच्या आणि सगळ्यात वर हे असले काही वाचायच्या. खुर्ची मागे सरकवून उठून जायच्या. पुढे पुढे त्यांनी माझ्यावर टॉवेल टाकून ठेवायला सुरुवात केली. दिवसचे दिवस मी टॉवेलखाली.

मला फार वाईट वाटे. पण मी पडलो पत्ता. आलेल्याला आत घेणे एवढेच माझे काम. कोणाला घ्यावे आणि कोणाला नको, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

अशात एकदा संयुक्ता आली. ही जयंतीबाईंच्या भावाची नात, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मुलगी हुशार आणि मायाळू, पण पायाला भिंगरी. तिने टॉवेल उचलला, मेल पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. जयंतीबाईंशी बोलायचे तर लिहून बोलावे लागे, म्हणून तिने पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘अज्जी, हे बंद करूया.’

“कर, कण्णा,” जयंतीबाई म्हणाल्या. कण्णा म्हणजे बाळ. “मज हे बघवत नाहीं.”

संयुक्ताने आधी योग्य तेच केले. त्या मेलांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सूचना थांबवा’ असे लिहिलेले असते, ते तिने दाबले. ‘सोबती’ने जयंतीबाईंचा पासवर्ड विचारला. तो फक्त व्यंकोजी रावांना ठाऊक होता. नवा पासवर्ड मागितला तर त्याचा कोड गेला व्यंकोजी रावांच्या मोबाइलवर, आणि तो नंबर तर केव्हाच बंद केलेला. ‘सोबती’ला पत्र लिहून, मृत्यूचा दाखला जोडून व्यंकोजी रावांचे खाते बंद करता आले असते. त्याला थोडे दिवस लागले असते. पण संयुक्ताची गाडी बाहेर उभी होती.

“अय्यो, याला किती वेळ!” ती स्वतःशीच पुटपुटली आणि जवळच्या वाटेने निघाली. मित्रांनो, आवाज ‘सोबती’च्या घरात होत होता. तिने दार लावले माझ्या घराचे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, म्हणतात ना, तसे. तिने मला एक नियम घालून दिला. ज्या मेलात एक ठरावीक नाव असेल, तो मेल जयंतीबाईंना दाखवायचा नाही, परस्पर कचरापेटीत टाकायचा.

‘कुठलं नाव?’ तिने लिहून विचारले.

जयंतीबाईंनी नाव घेतले नाही. कसे घेणार? त्यांनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवले. “हें. हें असलेलं एकही मज नको. पोदुम.” पोदुम म्हणजे पुरे.

संयुक्ता मुलगी विचारी. तिने जाता जाता लिहिले, ‘या नावाचं दुसरं कोणी तुला मेल करतं का?’

“या नावाचे जगांत एकच होते, कण्णा,” जयंतीबाई म्हणाल्या. “ते गेले.”

त्या वेळी कुट्टी आत स्वयंपाकघरात दोसा खात होता. संयुक्ता त्याला जन्मापासून कुट्टी अण्णा म्हणत आली होती. तिला दुसरे काही माहीतच नव्हते. आणि जयंतीबाईंच्या मनात त्या क्षणी नातू आलाच नाही. त्यांच्या लेखी तो कधी त्या नावाचा नव्हताच. असे हे दार बंद झाले.

त्यानंतर काही महिने फार छान गेले, हे मला कबूल केले पाहिजे. टॉवेल निघाला. सकवारबाईंची पत्रे पुन्हा सगळ्यात वर दिसू लागली. जयंतीबाई पुन्हा दहा बोटांनी लिहू लागल्या. संयुक्ताला त्यांनी डबाभर चकल्या पाठवल्या.

पोंगल झाला आणि घरात भांडण झाले. कुट्टी गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. तिथेच चाचणी विभागात कनका नावाची मुलगी होती. घर तेलुगू बोलणारे, वडील ट्रकचालक. कुट्टीने हॉलमध्ये उभे राहून सांगितले की लग्न करीन तर तिच्याशी. नवीन तसा सज्जन माणूस आहे, पण ताठ. तो म्हणाला, “आपल्यांत कोणी नाहीं मिळालं तुज?” शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी नवीनने ते वाक्य उच्चारले जे बापाने कधी उच्चारू नये. “मग या घराचा उंबरा चढूं नको.”

जयंतीबाई त्या वेळी पाठमोऱ्या बसून सकवारबाईंना पत्र लिहीत होत्या. भांडण त्यांच्या मागे झाले आणि त्यांच्या कानापर्यंत पोचले नाही. कुट्टी ओरडला, “अज्जी, तूं तरी सांग की!” त्या टाइप करतच राहिल्या. मी समोरून बघत होतो, मित्रांनो. कुट्टीचा चेहरा मला दिसत होता, जयंतीबाईंचाही दिसत होता, आणि माझ्यापाशी तोंड नव्हते. कुट्टीने पिशवी भरली आणि तो गेला. आजीला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण रागाच्या भरात माणसाला ठाऊक असलेलेही आठवत नाही.

नंतर जयंतीबाईंनी विचारले, “कुट्टी कुठं?” नवीनने कागदावर लिहिले, ‘कामाची पाळी बदलली. तिकडेच खोली घेतली.’ त्यांनी त्याचा ई-मेल पत्ता मागितला. नवीनने खांदे उडवले. कुट्टीने आजवर आजीला कधी मेल लिहिला नव्हता. एका घरात राहणाऱ्यांना त्याची गरज कुठे असते? “तो लिहील,” जयंतीबाई म्हणाल्या. “त्यास माझा पत्ता पाठ आहे. लहानानं आधी लिहायचं.” आणि त्या वाट बघू लागल्या.

त्याने लिहिले. फार उशीर न करता लिहिले.

मेल माझ्या दारात आला तेव्हा मी नाव वाचले. नवीनचा ‘एन’ पुढे आणि मग पूर्ण नाव, एन. व्यंकोजी राव. इकडे बापाच्या नावाचे आद्याक्षर आपल्या नावापुढे लावायची पद्धत आहे. मला जे घालून दिले होते त्याप्रमाणे मी तो उचलला आणि कचरापेटीत टाकला. नियम मला विचार करायला थांबू देत नाही. त्यात इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिले होते: ‘अज्जी, त्या दिवशी तूं काहीच बोलली नाहीस. तुज पण कनका नको आहे की काय? अप्पा नको म्हणाले, त्याचं मज काही नाहीं. तुझं सांग. तूं हो म्हटलीस तर मज बस आहे. तुझा कुट्टी.’

जयंतीबाई त्या सकाळी माझ्यासमोर बसल्या. पडद्यावर सकवारबाईंचे एक पत्र आणि एका दुकानाची जाहिरात. त्यांनी जाहिरातही उघडून पाहिली. मग उठल्या.

दुसरा मेल आला. त्यात कनकाचा फोटो होता. ती डोक्यावर पिवळे हेल्मेट घालून हसत होती. खाली लिहिले होते, ‘ही तुज आवडेल. हिला मोठ्याने बोलायची सवय आहे, मशीनजवळ काम करते ना.’ तो फोटोही कचरापेटीत गेला. तिसरा आला तो तारीख घेऊन. ‘अज्जी, आम्ही नोंदणी करणार. साक्षीदार तीन पाहिजेत. दोघं कारखान्यातले आहेत. तिसरी सही तुझी. मी दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाहीं. बेसिन ब्रिजला गाडी बदल, गुम्मिडिपूंडीला मी स्टेशनवर उभा असेन. नाहीं आलीस तर समजेन की तुज नको आहे. मग परत विचारणार नाहीं.’

कचरापेटी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवे. ती माझ्याच पोटात असते, पण तिकडे कोणी फिरकत नाही. तिथे पडलेली पत्रे महिनाभर राहतात आणि मग आपोआप नाहीशी होतात. ती कुठे जातात हे मलाही कळत नाही. एकामागून एक तिन्ही पत्रे तशी गेली. आजवर हजारो निरर्थक सूचना मी जयंतीबाईंच्या पुढ्यात आणून ओतल्या होत्या, कॉफीच्या पेल्यापासून मेलेल्या माणसाच्या वाढदिवसापर्यंत. आणि जे एक उत्तर मागणारे पत्र होते, ते मला त्यांच्यापर्यंत नेता आले नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

नोंदणीच्या दिवशी जयंतीबाईंनी मला वारंवार उघडले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. संध्याकाळी त्यांनी सकवारबाईंना लिहिले, ‘कुट्टी मज विसरला. पाठीवर हात फिरवून मोठं केलं, दोन ओळी लिहायला त्यास सवड नाहीं. मी पण आता वाट बघणार नाहीं.’ सकवारबाईंचे उत्तर आले, ‘लेकरूं आहे ग. तूंच लिही.’ पण पत्ता नव्हता, आणि नवीनला परत विचारायला मन धजत नव्हते. म्हातारपणचा रुसवा फार हट्टी असतो.

मग उन्हाळा सुरू झाला आणि एका दुपारी घरातली वीज गेली. शेजारी पंखे फिरत होते. वीज मंडळाचा माणूस येऊन फ्यूज काढून गेला होता, बिल भरले नव्हते म्हणून. नवीन चिडला. बिलाची सूचना तर दर खेपेला मेलवर येते! संगणक बंद, म्हणून त्याने आपल्या मोबाइलवर मला उघडले आणि शोधू लागला. विजेचे मीटर अजून त्याच्या वडिलांच्याच नावावर होते. तुमच्या लक्षात आले ना? सुक्याबरोबर ओले जळत होते, आणि किती काय काय जळत होते हे तोवर कोणाला माहीत नव्हते.

नवीनने शेवटी कचरापेटी उघडली. बिलाची सूचना होती. तिच्यावर एक मेल होता, त्याच्या मुलाचा.

तो मेल लग्नानंतरचा. नवीनने उभ्या उभ्या वाचला. त्याचा अंगठा त्या मेलावर थांबला. आणखी एकदा दाबले असते तर तोही कायमचा पुसला गेला असता आणि आईला कधी कळले नसते. मग तो आईजवळ गेला, खाली बसला, अक्षरे मोठी केली आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

‘अज्जी, आज झालं. तुझ्या जागी आमच्या गेटवरचे सिक्युरिटी नारायणस्वामी यांनी सही केली. ते ड्यूटी सोडून आले. मी तीन मेल केले, तुझं उत्तर आलं नाहीं. मज कळलं. आता त्रास देणार नाहीं. कनकाचा नमस्कार. एन. व्यंकोजी राव.’

खाली ‘तुझा कुट्टी’ नव्हते.

जयंतीबाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचले. “कुठले तीन मेल?” त्यांनी विचारले. नवीनने कचरापेटी वर-खाली केली. तिथे काही नव्हते. जयंतीबाई खालच्या नावाकडे बघत राहिल्या, आणि त्यांना कळले. आपण बोट कुठे ठेवले होते ते त्यांना कळले. सगळ्या आयुष्यात त्या नावाचा उच्चार त्यांच्या ओठांवर आला नव्हता. तो आता आला. “व्यंकोजी,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “माझा व्यंकोजी रे!” आणि त्या लहान मुलीसारख्या रडल्या. नवीन त्यांचे पाय धरून बसला होता. “चूक माझी आहे, अम्मा,” तो म्हणत होता. त्यांना ते ऐकू येत नव्हते.

संयुक्ता धावत आली. तिने रडत रडत नियम काढून टाकला. मग व्यंकोजी रावांच्या मृत्यूचा दाखला जोडून ‘सोबती’ला पत्र लिहिले. थोड्याच दिवसांत ते खाते बंद झाले आणि त्या सूचना मुळातूनच थांबल्या. इतके सोपे काम होते हो ते! त्या दिवशी गाडी थोडी थांबवून केले असते तर मला हे आत्मवृत्त सांगायची वेळ आली नसती.

वीज आल्याबरोबर जयंतीबाईंनी कुट्टीला पत्र लिहिले. काय घडले ते सगळे लिहिले, काही लपवले नाही. त्यांच्या हातून मी आजवर पाहिले नव्हते इतके शब्द चुकले. चुका दुरुस्त न करताच त्यांनी ते पाठवले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘अज्जी, माझा तुझ्यावर राग नाहीं. तुज ऐकू येत नाहीं हें मी विसरलो, ती माझी चूक. पण त्या दिवशी मी स्टेशनवर उभा राहून प्रत्येक गाडी बघत होतो. कनकाला म्हणत होतो, या गाडीत असेल. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तिनेच माझा हात धरून नेलं. ते मज अजून विसरतां येत नाहीं. थोडे दिवस दे.’

जयंतीबाईंनी ते थोडे दिवस दिले. मग त्याचे बोलावणे आले आणि त्या गेल्या. नवीन बेसिन ब्रिजपर्यंत सोबत गेला आणि फलाटावर थांबला. त्याला अजून बोलावणे नव्हते. कनकाने जयंतीबाईंना पानात वाढले. ती खरोखरच मोठ्याने बोलते, आणि तिचे पुष्कळसे बोलणे जयंतीबाईंना ऐकू आले. भिंतीवर नोंदणीच्या दिवसाचा फोटो होता. नवरा, नवरी, दोन मित्र, आणि काठाला गणवेशातले नारायणस्वामी, हातात पेन. जयंतीबाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या, असे कुट्टीच्या पुढच्या पत्रावरून मला कळले. त्याची पत्रे आता नेमाने येतात. पण सही करताना तो पूर्ण नाव लिहितो. कुट्टी लिहीत नाही.

मित्रांनो, नको असलेले मेल जरूर बंद करा. माझ्या दारात आगंतुकांची गर्दी मलाही नको असते. पण गोंगाट जिथून येतो तिथे जाऊन तो थांबवा, त्यासाठी थोडा वेळ काढा. घाईने आपलेच दार लावून घेऊ नका. लावलेच, तर त्या बाजूला कोणी आपले माणूस उभे नाही ना, हे अधूनमधून उघडून बघत जा. गेलेल्या माणसाचे खाते घरच्यांनी वेळेवर मिटवावे. आणि रुसला असलात, तर उत्तर आले नाही म्हणून पलीकडच्याचे मन परस्पर ठरवू नका. आमच्यासारख्या मुक्या चाकरांच्या हातून पत्रे हरवतात.

जयंतीबाई आता रोज सकाळी माझ्यासमोर बसल्या की नवे मेल नंतर बघतात. आधी कचरापेटी उघडतात. तिथे ती तीन पत्रे नाहीत, हे त्यांना पक्के माहीत आहे. त्यांत काय लिहिले होते ते त्या कुट्टीला विचारत नाहीत, आणि तोही सांगत नाही. मला मात्र ती शब्द न् शब्द पाठ आहेत.

त्या रिकाम्या पेटीकडे बघत बसतात, आणि मी त्यांना काही सांगू शकत नाही.